लसूण, अनुज्ञेय प्रमाणात

डब्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलंय:
मासळीची भुकटी, गव्हाचं पीठ, सोया,
आणि अगदी शेवटी, लेबल चिकटवताना घडी पडली तिथं,
‘लसणाचा स्वाद, अनुज्ञेय प्रमाणात’.

हा शब्द माझ्या ओळखीचा.
अंबडच्या कारखान्यात एकोणीस वर्षं
मी रोज त्याच्याखाली सही करते.
वेफर्सना टोमॅटो मी देते, त्यात टोमॅटो नसतो.
नूडल्सना कोंबडी, बिस्किटाला वेलची.
संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये
शेजारची जाधवबाई नुसती हुंगून सांगते
आज कुठली बॅच निघाली.

शालिमारजवळ रियाज अत्तारचं माशांचं दुकान.
(आजोबा खरंच अत्तर विकायचे, म्हणतो.)
‘ताई, साधं खाणं न्याल तर तोंड फिरवतील.
हा डबा टाकून बघा. तुटून पडतात.’
तुटून पडतात.
आमच्या मीटिंगमध्येही हेच म्हणतात,
पोरांबद्दल.

आता बटाटा तिरपा पोहतो.
बटाटा म्हणजे आमचा गोल्डफिश, नाव शाल्मलीनं ठेवलं,
तेव्हा ती पहिलीत होती आणि तो खरंच तसा दिसायचा.
पोट फुगलंय, एक बाजू पाण्याच्या वर,
तिथली खवलं कोरडी पडल्यासारखी.
रियाज म्हणाला, वाटाणा उकडा, साल काढा, द्या.
दिला.
तोंडात घेतला, घोळवला,
आणि थू.

मला आधी कळलंच नव्हतं मासा थुंकतो ते.
तळाचे खडे उचलायचा, चघळायचा,
कामाचं गिळायचा, बाकीचं परत.
आमच्या लॅबमध्ये असा चाखणारा माणूस
चाळीस हजारांत मिळत नाही.

खैरनार सरांना विचारलं.
चष्मा पुसत म्हणाले,
शून्य पूर्णांक दोन टक्के. माणसाला चालतं.
माशाचा कुणी अभ्यास केलाय?
माझं वजन एकसष्ट किलो, सर,
त्याचं एकसष्ट ग्रॅमही नसेल.
आणि मी जेवते त्यातच श्वास घेत नाही.
सर हसले. मग हसले नाहीत.
मग म्हणाले, लसणानंच झालं कशावरून?
जास्त घालत असाल. पाणी बदलत नसाल.
तेही खरंच.
रविवारचं पाणी दोन रविवार राहिलं होतं,
आणि चिमूट माझी, हात सैल.

आज सुट्टी नव्हती. लसूण-मिरचीची बॅच होती.
घरी आले, पर्स खांद्यावरच,
गंगापूर धरणाचं कालपासून शिळं केलेलं पाणी
मग्गा मग्गा ओतत होते टाकीत,
बोट बुडालं.
तो आला.
तिरपा, एका कल्ल्यावर रेलून, पण आला,
आणि माझ्या बोटाला ओठ लावले.
सोडेना.
वाटाणा नको होता ज्याला
तो माझी कातडी चोखत होता,
जिच्यात खाण्यासारखं काही नाही.
आणि थुंकत नव्हता.

शाल्मली टाळ्या पिटत म्हणाली,
आई, बघ, तुला ओळखतो!

मी हात काढला.
भांड्याच्या साबणानं धुतला, मग लिंबानं,
मग नुसताच नळाखाली धरून ठेवला
पाणी जाईपर्यंत. आमच्याकडे साडेसातला जातं.

डबा खिडकीत आहे. फेकला नाही.
फेकायला पुरावा लागतो,
ठेवायला लागत नाही, हे मला नोकरीनं शिकवलंय.
वाटाणा बशीत सुकतोय, हिरवा, बेचव,
कुणाचीच सही नसलेला.
उद्या पुन्हा देऊन बघीन, धुतलेल्या हातानं.
घेतला तर घेतला.
थुंकला तर
निदान थुंकला.